सदतीसचा आकडा

आपल्या मराठीत छत्तीसचा आकडा प्रसिद्ध आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून ज्यांचे पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा. माझ्या बाबतीत मात्र छत्तीसने कधी त्रास दिला नाही. मला छळले ते सदतीसने. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या दोन वेळा थोडक्यात निभावले. तिसऱ्या वेळी माझ्या अज्ञानाची शिक्षा माझ्या वहिनीला भोगावी लागली. बरेच दिवस ते लिहावे लिहावे म्हणत होतो, आज लिहायला बसलो आहे.

आधी पहिला सदतीस.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात नवे पैसे सुरू झाले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमचा भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात येऊन उणेपुरे पाच महिने झाले होते. राज्य बदलले त्याचे गावात कोणाला फारसे वाटले नाही, पण आणे गेले याची चर्चा मात्र पारावर महिनोन् महिने चालली. रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. शंभराला सोळाने भागले की सव्वासहा येतात. आता पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून सरकारने तक्ता काढला. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. आणि सहा आणे म्हणजे सदतीस.

खरा हिशेब साडेसदतीसचा. अर्धा पैसा सोडून द्यायचा, असा नियम होता. आमची आजी म्हणायची, "सरकारनं माहा अर्धा पैसा खाल्ला." आम्हा पोरांच्या मात्र लवकरच लक्षात आले की चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस पैसे पडतात, पण एकेका आण्याची चार वेळा घेतली तर चोवीसच पडतात. तो वाचलेला एक पैसा हे माझे एककांच्या रूपांतराचे पहिले शिक्षण. १९६४ साली त्यातला 'नवे' हा शब्दही गेला आणि नुसते पैसे उरले.

दुसरा सदतीस मणाचा. आमच्याकडे धान मापाने मोजायची जुनी रीत. पायली, कुडव, खंडी ही सगळी मापे, वजने नव्हेत. या गावची पायली त्या गावच्या पायलीला जुळेलच असे नाही. व्यापाऱ्याकडे मात्र मण आणि शेर चाले. चाळीस शेरांचा मण. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि १९६२ पर्यंत शेराची वजने गेली. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम आणि मण म्हणजे ३७.३२ किलो. पुन्हा सदतीस!

त्या काळात एका व्यापाऱ्याने वडिलांना मण म्हणजे सदतीस किलो असा सरळ हिशेब धरून पैसे दिले. वडील चौथी शिकलेले. रात्री कंदिलाजवळ बसून त्यांनी पाटीवर आकडेमोड केली. वीस मणांचे ७४० किलो धरले होते, निघायला हवे होते साडेसातशेच्या जवळ, नेमके सांगायचे तर ७४६ किलोच्या वर. साडेसहा किलो धान दशांशचिन्हाच्या उजवीकडे गडप झाले होते. दुसऱ्या दिवशी ते पाटी घेऊनच गेले आणि पैसे वसूल करून आले. घरी येऊन त्यांनी मला आणि दादाला सांगितले, "आकडा मागून पाह्यचा. कशाचा आकडा हाय, ते आधी पाह्यचं."

हे वाक्य मी पुढे शिक्षक झाल्यावर कितीतरी वर्गांत सांगितले. मराठी आणि इतिहास शिकवायचो तरी सांगायचो. आणि नेमकी वेळ आली तेव्हा मीच विसरलो.

आता तिसरा सदतीस.

वर्ष २००९. निवृत्त होऊन मला वर्ष-दीड वर्ष झाले होते. दादाच्या घरी, म्हणजे आमच्या गावच्या घरी, वहिनीच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. गाठ थायरॉइडच्या कर्करोगाची निघाली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हा कर्करोग त्यातल्या त्यात गरीब असतो. उरलेसुरले काही असेल तर किरणोत्सारी आयोडीन देऊन जाळून टाकू. त्यासाठी दूरच्या एका शहरातल्या दवाखान्याची तारीख मिळाली. नागपूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले होते, आयोडीन-१३१, १०० मिलिक्युरी.

या उपचाराची तयारी उपचारापेक्षा अवघड असते, हे मला तेव्हा कळले. थायरॉइड ग्रंथी काढल्यावर रोज गोळी घ्यावी लागते. पण आयोडीन देण्याआधी ती गोळी साधारण महिनाभर बंद ठेवायची, म्हणजे उरलेल्या पेशी आयोडीनला भुकेल्या होतात. आहारातही आयोडीनचे मीठ बंद. गोळी बंद झाली की माणूस मंदावतो. वहिनीचा चेहरा सुजला, उन्हाळ्यात तिला थंडी वाजू लागली, बोलणे जड झाले, दोन पायऱ्या चढली की बसायची. आयुष्यभर रोवणीला सगळ्यांच्या पुढे असणारी बाई ती. महिना कसाबसा काढला आणि दादा तिला घेऊन गेला. सोबत पुतण्या, बारावी विज्ञानचा.

दवाखान्यात संमतीचा कागद समोर आला. त्यावर लिहिले होते, ३७०० एमबीक्यू.

पुतण्याने चिठ्ठी काढून पडताळले. चिठ्ठीवर १००, कागदावर ३७००. एवढ्यावर थांबला असता तरी बरे. पण तो विज्ञानाचा विद्यार्थी. त्याने पाहिले की चिठ्ठीवर लहान एम आहे, म्हणजे मिली, एक हजारावा भाग. कागदावर मोठा एम आहे, म्हणजे मेगा, दहा लाख पट. त्याने वडिलांना सांगितले की हे सदतीस पट तर आहेच, वर कोट्यवधी पटीचा घोळ वेगळा. तिथे कोणाला विचारावे तर गर्दी, भाषा परकी, आणि विचारायची हिंमत नाही. दादाने मला फोन लावला.

मी काय सांगितले? मी म्हणालो, "दादा, सही करू नको. थांब. आपण चौकशी करू." घरातला शिकलेला माणूस मीच. माझ्या शब्दावर ते परत निघाले. वहिनीचे पाणावलेले डोळे मला साकोलीच्या बसथांब्यावर दिसले. ती एवढेच म्हणाली, "भाऊजी, आता मंग पुन्हा गोळी बंद करा लागंल का जी?"

पुन्हा बंद करावी लागली. तारीख दोन महिन्यांनी मिळाली, कारण किरणोत्सारी आयोडीन दिलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात आणि अशा खोल्या मोजक्याच असतात. मधल्या काळात गोळी सुरू केली, आणि तो सुजलेला, गारठलेला महिना तिने दुसऱ्यांदा काढला. माझ्यामुळे.

चौकशी मात्र दोन मिनिटांत झाली होती. माझा एक जुना विद्यार्थी मुंबईत एका दवाखान्यात याच विभागात तंत्रज्ञ आहे. ते परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला त्याची आठवण झाली. फोनवर सगळे ऐकून घेतले आणि तो म्हणाला, "सर, ३७ ने भागा."

मी कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार केला. ३७०० भागिले ३७. उत्तर १००. दोन्ही कागदांवर एकच गोष्ट लिहिली होती. एका ठिकाणी मण लिहिला होता आणि दुसऱ्या ठिकाणी किलो, इतकेच.

त्यानंतर मात्र मी हा विषय सोडला नाही. विज्ञान माझा विषय नव्हे, पण इतिहास आहे. म्हटले, या सदतीसचा इतिहास तरी शोधू. विश्वकोश काढला, विद्यार्थ्याकडून पुस्तके मागवली, पुढे महाजालावर वाचत राहिलो. जे कळले ते असे.

१८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेकेरेल यांना युरेनियमच्या क्षारातून आपोआप निघणारे किरण सापडले. १८९८ साली मारी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम शोधले. रेडियम सापडले तसे ते डॉक्टरांच्या हाती गेले, विकले जाऊ लागले, आणि जिथे विक्री तिथे माप लागतेच. प्रत्येक प्रयोगशाळेची आपापली पायली होती. म्हणून सप्टेंबर १९१० मध्ये ब्रुसेल्सला शास्त्रज्ञांची परिषद भरली आणि एककाला 'क्युरी' हे नाव द्यायचे ठरले. पिएर क्युरी १९०६ साली पॅरिसच्या रस्त्यावर घोडागाडीखाली सापडून वारले होते. त्यांच्या स्मरणार्थ हे नाव.

आता एक क्युरी म्हणजे किती? समितीच्या मनात अगदी लहान माप होते, कारण प्रयोगशाळेत कामाला लागते ते कणभरच. पण मारी क्युरींना ते पटले नाही. इतक्या क्षुद्र प्रमाणाला क्युरी हे नाव शोभणार नाही, असा त्यांचा आग्रह पडला. शेवटी एक ग्रॅम रेडियमबरोबर समतोलात असलेला वायू म्हणजे एक क्युरी, असे ठरले. एका पत्नीने पतीच्या नावाचा मान राखला, आणि म्हणून शंभर वर्षांनंतरही दवाखान्याला मिलिक्युरी, प्रयोगशाळेला मायक्रोक्युरी आणि पाण्याच्या तपासणीला पिकोक्युरी लिहावे लागते. माप मोठे, वस्तू लहान. खंडीच्या मापाने हळद मोजण्यासारखे.

नमुन्यादाखल मारी क्युरींनी १९११ मध्ये २१.९९ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड काचेच्या नळीत बंद केले. पुढच्या वर्षी त्याची व्हिएन्नाच्या नमुन्याशी तुलना झाली आणि १९१३ मध्ये तो पॅरिसजवळ सेव्र येथे, जिथे प्रमाण मीटर आणि प्रमाण किलोग्रॅम होते, तिथे ठेवला गेला.

पण यात एक मेख होती. एक ग्रॅम रेडियममध्ये दर सेकंदाला किती अणू फुटतात? रदरफोर्ड आणि गायगर यांनी १९०८ साली मोजले तेव्हा उत्तर आले ३,४०० कोटी. पुढे कोणी मोजले तर त्याहून जास्त. म्हणजे मोजणी सुधारली की क्युरी बदलायची. गावोगावच्या पायलीसारखीच ही अडचण. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर शास्त्रज्ञांनी रेडियमचा नाद सोडला आणि आकडाच पक्का केला. दर सेकंदाला ३,७०० कोटी विघटने म्हणजे एक क्युरी, पदार्थ कोणताही असो. हा तो सदतीस. आज नीट मोजले तर एक ग्रॅम रेडियमची विघटने ३,६६० कोटींच्या आसपास भरतात. म्हणजे ज्याच्यावरून माप घेतले तो ग्रॅमच आता मापाला किंचित कमी पडतो. मणातले ०.३२ किलो वर राहिले होते, इथे थोडे खाली गेले.

मधे १९४६ साली अमेरिकेत 'रदरफोर्ड' नावाचे एकक सुचवले गेले होते. सेकंदाला दहा लाख विघटने म्हणजे एक रदरफोर्ड. सुटसुटीत होते, पण रुजले नाही. मग १९७५ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'बेकेरेल' मान्य केले. सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकेरेल. यापेक्षा सोपी व्याख्या असू शकत नाही.

इथे मला एक गोष्ट वाचून थांबावे लागले. 'सेकंदाला एक' यासाठी हर्ट्झ हे एकक आधीच होते. नियमाप्रमाणे वेगळ्या नावाची गरज नव्हती. तरीही बेकेरेल हे खास नाव दिले गेले, कारण हा प्रश्न माणसाच्या आरोग्याचा आहे आणि त्यात गोंधळ होऊन कोणाला इजा होऊ नये. गोंधळ टाळायला आणलेल्या नावानेच आमच्या घरात गोंधळ केला. अर्थात दोष नावाचा नव्हे. जुने माप पूर्ण गेले नव्हते, नवे पूर्ण आले नव्हते, आणि त्या दोहोंमध्ये तक्ता हातात घेऊन कोणी उभे नव्हते. १९५७ साली गावच्या दुकानात तो तक्ता टांगलेला असायचा.

रूपांतर सोपे आहे, म्हणून इथे लिहून ठेवतो. कोणाच्या तरी कामाला येईल.

एक क्युरी म्हणजे ३७ गिगाबेकेरेल.
एक मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकेरेल.
एक मायक्रोक्युरी म्हणजे ३७ किलोबेकेरेल.
एक नॅनोक्युरी म्हणजे ३७ बेकेरेल.

पाहा, पायरी हजाराची आहे आणि दोन्ही बाजू एकेक पायरी बरोबरच उतरतात. म्हणून लहान एमच्या समोर मोठा एम येतो. पुतण्या चुकला तो इथेच. त्याने एमला एम जोडला, पण पुढचे अक्षर पाहिले नाही. शेराचा आणि किलोचा आकडा जुळत नाही म्हणून कोणी धान चोरले, असे होत नाही.

उलटे जायचे तर ३७ ने भागायचे. भागाकार नको असेल तर २७ ने गुणून शेवटचे तीन अंक सोडायचे. कारण ३७ गुणिले २७ म्हणजे ९९९. हजाराला एकच कमी. ३७०० ला २७ ने गुणा, ९९,९०० येतात, म्हणजे ९९.९ मिलिक्युरी. आमच्या आजीच्या अर्ध्या पैशापेक्षाही लहान चूक.

अजून एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. हे माप वजनाचे नाही. मोहाच्या झाडाचे उदाहरण घेतो. चैत्रात पहाटे झाडाखाली उभे राहिले की टपटप मोहफुले पडताना ऐकू येतात. सेकंदाला किती फुले पडतात, ते म्हणजे बेकेरेल. झाड केवढे आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हातारे झाड हळूहळू फुले टाकेल, भरातले झाड एकदम. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे, म्हणून एक क्युरी व्हायला जवळजवळ पूर्ण ग्रॅम लागतो. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस, म्हणून एक क्युरीला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचे आठ भाग पुरतात. वहिनीला दिलेले १०० मिलिक्युरी आयोडीन वजनाने एक मायक्रोग्रॅमसुद्धा नव्हते. डोळ्यांना दिसले नसते, पण त्यात सुरुवातीला सेकंदाला ३७० कोटी अणू फुटत होते. आठ दिवसांनी तेच निम्मे. म्हणूनच अशा औषधाच्या बाटलीवर आकड्याबरोबर तारीख आणि वेळही लिहावी लागते. तारखेशिवाय तो आकडा अर्धवट आहे. इतिहासाच्या शिक्षकाला हे फार आवडले.

आणि किती फुले पडली यावरून किती फुले तुमच्या डोक्यावर पडली, हे कळत नाही. तुम्ही झाडाखाली आहात की घरात, यावर ते ठरते. शरीराने किती ऊर्जा शोषली ते ग्रेमध्ये मोजतात, आणि त्याने अपाय किती होऊ शकतो ते सीव्हर्टमध्ये. जुन्या मापात रॅड आणि रेम. तिथे रूपांतर शंभराचे आहे, सदतीसचे नाही. बेकेरेलचा मोठा आकडा पाहून घाबरायचे कारण नाही आणि लहान आकडा पाहून निर्धास्त व्हायचेही नाही. तुमच्या-आमच्या शरीरात निसर्गतःच असलेल्या पोटॅशियमचे सेकंदाला चारेक हजार अणू फुटतात. म्हणजे आपण प्रत्येक जण चार हजार बेकेरेलचे धनी आहोत. क्युरीत सांगायचे तर जेमतेम ०.१ मायक्रोक्युरी. पहिला आकडा ऐकून झोप उडते, दुसरा ऐकून काहीच वाटत नाही. माणूस तोच.

याचा एक मोठा प्रयोग आपल्या मुंबईतही होऊन गेला आहे. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली. त्यानंतर आयर्लंडहून मुंबईच्या दूध योजनेसाठी २०० टन लोणी आले. ते किरणोत्सर्गाने दूषित आहे, या शंकेवरून डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर काही नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने ते लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८८ साली प्रकरण मिटले. त्या दिवसांत शिक्षकांच्या खोलीत बेकेरेल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना मी विचारलेही, "हे काय नवीन?" ते म्हणाले, "क्युरीचं नवं नाव समजा." मी समजलो आणि विसरलो. तेव्हा आणखी एक प्रश्न विचारला असता, तर वीस-बावीस वर्षांनी वहिनीचा महिना वाचला असता.

त्या १०० मिलिक्युरीमागेही मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. होमी भाभांनी तुर्भ्याला अणुशक्ती केंद्र उभे केले. तिथली अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी चालू झाली, म्हणजे नव्या पैशाच्याही आठ महिने आधी. १९६० मध्ये सायरस आली आणि किरणोत्सारी समस्थानिके देशातच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले, जिथे थायरॉइडच्या रोग्यांना याच आयोडीनने तपासू आणि बरे करू लागले. भाभा २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात गेले आणि पुढच्या वर्षी केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. तिच्या शेजारची ध्रुव १९८५ पासूनची.

मी गावच्या शाळेत आण्याचे पैसे करत बसलो होतो, तेव्हा साडेआठशे-नऊशे किलोमीटरवर कोणी तरी वहिनीच्या औषधाची सोय करत होते. ती जुनी मंडळी क्युरीतच विचार करायची, त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टरही क्युरीतच चिठ्ठ्या लिहितात. नवी पुस्तके आणि परदेशी कागद बेकेरेलमध्ये येतात. अमेरिकेतही दवाखान्यांत क्युरी अजून चालतेच. आपल्याकडे शेतकरी एकरात बोलतो आणि सातबारा हेक्टरमध्ये असतो, त्यातलाच प्रकार. जुने माप माणसाच्या हाताला बसलेले असते. पायलीला आकार आहे, क्युरीत एक ग्रॅम रेडियम लपलेले आहे. बेकेरेल स्वच्छ आहे, पण त्याला चेहरा नाही. नवे माप शहाणपणाचे असते हे मी मानतो. मणाच्या जागी किलो आला म्हणून व्यापाऱ्याची लबाडी कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण बदलाच्या वर्षांत जो मधे सापडतो, त्याला किंमत मोजावी लागते.

दुसऱ्यांदा वहिनीबरोबर मी स्वतः गेलो. संमतीचा कागद आला. त्यावर पुन्हा ३७००. तिथल्या डॉक्टरबाईंना मी विचारले, "हे १०० मिलिक्युरीच ना?" त्या म्हणाल्या, "हो, तेवढंच." चार शब्द. त्यांनी सांगितले की हे कोणी विचारत नाही म्हणून आम्हीही सांगत नाही. मग पेन काढून त्यांनी ३७०० च्या पुढे कंसात १०० लिहून दिले. वहिनीने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. तिची सही मोठ्या अक्षरांत असते, प्रौढ वर्गात शिकलेली. चार दिवस ती त्या खोलीत एकटी राहिली. आम्ही दाराबाहेरून बोलायचो.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. दादा गेला. वहिनी आहे, गोळी घेते, दर वर्षी तपासणीला जाते. आजवर तपासण्या चांगल्या निघाल्या आहेत. उशिराने नुकसान झाले नाही, असे डॉक्टर म्हणाले. पण 'नुकसान' या शब्दात तो दुसरा महिना ते धरत नाहीत. मी धरतो.

मी तिची एकदा माफी मागितली होती. ती म्हणाली, "तुमी तं थांबा म्हनलं भाऊजी, आमी काहून इचारलं नाही तिथं?" तिने दोष अर्धा-अर्धा वाटून घेतला. पण मला ठाऊक आहे, हा हिशेब अर्ध्याने होत नाही. विचारायचे शिकवणे हे माझे काम होते. छत्तीस-सदतीस वर्षे त्याचाच पगार घेतला.

माझ्या वाचकांत माझ्या वयाची बरीच मंडळी आहेत, आणि या वयात कागद वाढत जातात. रक्ताचे, साखरेचे, कसकसले. त्यांना एवढेच सांगतो. आकड्याच्या पुढचे अक्षर आधी वाचा. समजले नाही तर तिथेच, त्याच खिडकीवर विचारा. लाज वाटली तरी विचारा. घरी येऊन शिकलेल्या भाऊजींना विचारू नका.

तो कॅलेंडरचा कागद, ज्याच्या पाठीवर मी भागाकार केला होता, वहिनीच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावलेला आहे. मागच्या तपासणीला पाहिला. शाई फिकट झाली आहे, आकडे वाचता येतात.